कडक झालेला ब्रेक आणि चिरलेली व्हॅक्यूम नळी

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात माल वाहणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपचा किंवा हलक्या ट्रकचा ब्रेक अचानक कडक लागू लागला, की बहुतेक वेळा आधी चाके उघडली जातात आणि लायनर बदलले जातात. दोष मात्र पुष्कळदा बॉनेटखालच्या, बोटाएवढ्या जाडीच्या एका रबरी व्हॅक्यूम नळीत, म्हणजे ब्रेकच्या बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली) हवा काढून नेणाऱ्या नळीत असतो. तेलाची किंवा पाण्याची नळी फुटली तर खाली डाग पडतो. या नळीतून बाहेर काहीच येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते, आणि म्हणूनच तिची चीर सहज नजरेस पडत नाही. मोठ्या ट्रकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, त्यामुळे हे विवेचन त्यांना लागू नाही.

निर्वात (व्हॅक्यूम) काहीही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलोग्रॅम असतो आणि तो पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. ब्रेकच्या बूस्टरमध्ये रबरी डायफ्रामच्या (पडद्याच्या) दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. चालकाने पेडल दाबले, की एक झडप उघडून पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत येते आणि डायफ्राम पुढे ढकलला जातो. निर्वात ५०० मिलिमीटर असेल, म्हणजे आतला दाब बाहेरच्याहून पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरने कमी असेल, तर दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६८ किलोग्रॅमचा फरक पडतो. २३ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या डायफ्रामवर हा जोर २८० किलोग्रॅमच्या आसपास जातो. नळी चिरली की हाच जोर नाहीसा होतो. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळा भार चालकाच्या एकट्या पायावर येतो.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल या झडपेमुळे हवेच्या मार्गात कमी दाब आपोआप तयार होतो. जुन्या डिझेल इंजिनात हवा अशी अडवली जात नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. अनेक गाड्यांत तो वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो आणि त्याला वंगण इंजिनाच्या तेलाचेच मिळते. पंपापासून बूस्टरपर्यंतच्या वाटेवर एक एकमार्गी झडप असते, जी इंजिन बंद झाल्यावरही बूस्टरमधला निर्वात काही काळ राखून ठेवते.

नळी का चिरते, हे खान्देशात वेगळे सांगावे लागू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. उष्णता व ऑक्सिजन यांमुळे रबराच्या रेणुसाखळ्या एकमेकींशी अधिकाधिक जोडल्या जातात, त्यामुळे रबर ताठर होते. हवेतला ओझोन नेमक्या ताणलेल्या जागी त्याला भेगा पाडतो. नळीची टोके धातूच्या तोंडावर ताणून बसवलेली असतात, म्हणून तपासणीची सुरुवात टोकांपासून करावी. पंपातून आलेले तेल आत साचले असेल, तर रबर उलट फुगून मऊ पडते.

पहिल्या चाचणीला कोणतेही साधन लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलला ठेवावा, आणि इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. मग त्यावर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरपर्यंत निर्वात पोहोचतो आहे; तसेच ताठ राहिले तर वाटेत कुठेतरी खोट आहे. ती कुठे आहे हे व्हॅक्यूम गेज सांगतो. आधी तो थेट पंपाच्या तोंडाला जोडावा; सुस्थितीतला पंप सहसा ६०० मिलिमीटरच्या पुढे काटा नेतो. तिथे काटा चढला, पण नळीच्या दुसऱ्या टोकाला चढला नाही, तर नळीच दोषी. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहण्याची पंक्चरवाल्यांची रीत इथे उपयोगी पडत नाही, कारण हवा आतल्या दिशेने जाते.

चीर केवळ टोकाशी असेल आणि नळीला पुरेशी सैल लांबी असेल, तर ते टोक सरळ कापून नव्या क्लिपने पुन्हा बसवता येते. नळी मधेच फाटली असेल तर ती बदलावी. चिकटपट्टी बॉनेटखालच्या उष्णतेत आणि तेलात फार काळ टिकत नाही. हाताशी असलेली मऊ डिझेलची किंवा पाण्याची नळी बसवणे हा मोह टाळायलाच हवा, कारण बाहेरच्या हवेच्या दाबाने ती चपटी होते आणि पेडल पुन्हा कडक लागते. आतून धाग्यांचा थर असलेली, त्याच आतील व्यासाची, निर्वातासाठीच बनवलेली नळी घ्यावी, ती सायलेन्सरच्या पाइपपासून आणि पट्ट्यापासून दूर बांधावी, आणि एकमार्गी झडपेवरचा बाण पंपाकडे आहे याची खात्री करावी.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय मला चिरलेल्या नळीहून अधिक धोक्याची वाटते. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना किंवा तोरणमाळचा घाट उतरताना इंजिन थांबले, की पंपही थांबतो. मग सुस्थितीतल्या बूस्टरमधला साठाही पेडल दोन-तीनदा दाबताच संपतो. नळी बदलल्यावर शेवटची खात्रीही याच साठ्याची करावी: इंजिन काही वेळ चालवून बंद करावे, पाच मिनिटे थांबावे, आणि त्यानंतरचा पहिला दाब मऊ लागला तरच गाडी रस्त्यावर काढावी.