कोल्हापूर ते नागपूर ७०० किमी, मग विमानाला ५२ मिनिटं का पुरत नाहीत?

कोल्हापूर आणि नागपूर विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण ७०० किमी. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारा, ती मिरजेजवळून निघते, पंढरपूरला जवळपास चिकटून जाते आणि मग अंबाजोगाई, पुसद, यवतमाळ, वर्धा करत नागपूरला पोचते. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट खरं तर किंचित वाकडी असते, पण एवढ्याशा अंतरात तो फरक धरायचं कारण नाही. जेट विमानाचा स्पीड ताशी ८०० किमी धरून भागाकार केला की येतात ५२-५३ मिनिटं. तिकिटावर मात्र वेळ नेहमी याच्या बराच पुढे असतो आणि लोकांना वाटतं कंपन्या उगाच वाढवून लावतात. थोडी मार्जिन ठेवतात हे खरंय, पण मोठं कारण वेगळंच आहे.

ताशी ८०० हा स्पीड विमानाला मिळतो तो वर गेल्यावर, विरळ हवेत. १०,००० फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची मर्यादा पाळतात, म्हणजे ताशी साडेचारशे-पाचशे किमी. ३५,००० फूट गाठायचे तर वीसेक मिनिटं नुसतं चढण्यातच जातात, तोवर खाली पंढरपूर मागे पडून मोहोळ आलेलं असतं. आणि उतरायचा पायलट लोकांचा सोपा हिशोब आहे, दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल, म्हणजे ३५,००० फुटांवरून १०५ नॉटिकल मैल, जवळजवळ १९५ किमी. म्हणजे पुसदच्या आसपासच विमान खाली यायला लागणार! ७०० पैकी सरळ, फुल स्पीडचं उडणं उरलं जेमतेम ३०० किमी. म्हणूनच कमी अंतराला बरेचदा एवढं उंच जातच नाहीत.

त्यात रनवेची दिशा. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे एक टोक साधारण पूर्वेकडे, दुसरं पश्चिमेकडे, आणि नागपूर आहे ईशान्येला. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून टेकऑफ घेतं, त्यामुळे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की आधी नागपूरकडे पाठ करून उडायचं आणि मग वळून यायचं. तिकिटावरच्या वेळेत टॅक्सी करणं, म्हणजे जमिनीवर चाकांवर सरकत जाणंसुद्धा धरलेलं असतं, विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू.

एटीआर सारखं पंख्याचं विमान ताशी ५१० किमीच्या आसपास जातं, ऐकायला हळू वाटतं, पण ते कमी उंचीवर उडतं त्यामुळे चढ-उतारात वेळ कमी जातो आणि २००-३०० किमीच्या रूटवर जेटपेक्षा फार तर दहाएक मिनिटंच जास्त लागतात. छोट्या शहरांसाठी मला तरी हेच विमान शहाणपणाचं वाटतं.

वाऱ्याचं गणित मात्र भारी आहे. पावसाळ्यात जमिनीलगत वारा पश्चिमेचा, पण दहा-बारा किमी उंचीवर तोच पूर्वेचा, म्हणजे नागपूरला जाताना वर तो समोरून येतो, हिवाळ्यात उलट पाठीमागून ढकलतो. ताशी ६० किमीचा वारा धरला तर जेटला ७०० किमीला एका बाजूने ५७ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूने ४९. एटीआरला तेवढाच वारा लागला तर ९३ आणि ७४! आणि जाताना घालवलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही बरं का, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि पाठच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा नसता तर एटीआरचं जाऊन-येऊन १६५ मिनिटांत झालं असतं, वाऱ्यात १६७ लागतात.