बहुभाषिक सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आणि व्हेरिएबलचं इनिशियलायझेशन

एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषा, लिप्या आणि प्रादेशिक सेटिंगवर नीट चालतंय का हे तपासणं म्हणजे बहुभाषिक टेस्टिंग. बऱ्याच जणांना हे भाषांतर तपासायचं काम वाटतं, पण भाषांतरातली चूक वाचणाऱ्याला लगेच दिसते, खरा त्रास देतात त्या कोडने न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टी, म्हणजे लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) कुठलं, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) कुठलं आणि व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या व्हॅल्यू ठेवायच्या नावाच्या जागेत, सुरुवातीला काय आहे. इनिशियलायझेशन म्हणजे व्हेरिएबल वापरायच्या आधी त्याला स्पष्ट व्हॅल्यू देणं, आणि ते याच विषयाचा भाग आहे.

सी भाषेत फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला व्हॅल्यू दिली नाही तर आत काय सापडेल याची काहीच गॅरंटी नसते, ग्लोबल (फंक्शनच्या बाहेरची) आणि स्टॅटिक (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणारी) व्हेरिएबल मात्र शून्यापासून सुरू होतात. जावाचा कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, असं लोकल (फंक्शनच्या आतलं) व्हेरिएबल वाचूच देत नाही, सरळ एरर देतो, आणि हीच पद्धत सगळ्यात चांगली. जावास्क्रिप्टमध्ये ते 'अनडिफाइन्ड' असतं, मजकुराला जोडलं की तोच इंग्रजी शब्द स्क्रीनवर उमटतो, बाकीचं भाषांतर कितीही सुंदर असू दे.

व्हॅल्यू न दिलेल्या मेमरीचं एक प्रसिद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या कंपायलरचं. त्याच्या डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये) व्हॅल्यू न दिलेल्या स्टॅक मेमरीत, म्हणजे फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलच्या जागेत, प्रत्येक बाइटमध्ये हेक्समधला (सोळाच्या पायावर लिहिलेला) 'सीसी' हा आकडा भरलेला असतो, आणि जीबीके या चिनी एन्कोडिंगमध्ये असे दोन बाइट मिळून 'थांग' हे अक्षर होतं, त्यामुळे चिनी विंडोजवर रिकामा सोडलेला बफर (मजकूर ठेवायची मेमरीतली जागा) छापला की थांग थांग थांग अशी ओळच्या ओळ येते. पश्चिम युरोपच्या एन्कोडिंगमध्ये तोच कचरा म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या कॅपिटल 'आय'ची रांग. बग एकच, पण टेस्टर त्याला सहज फॉन्टचा प्रॉब्लेम म्हणून नोंदवून मोकळा होऊ शकतो.

लोकेलचंही असंच. सी प्रोग्रॅम सुरू होताना लोकेल 'सी' नावाचं असतं आणि ते बदलणारं सेटलोकेल हे फंक्शन कॉल होईपर्यंत तेच राहतं. तो कॉल एखाद्या लायब्ररीने केला आणि मशीन जर्मन असेल तर दशांशाला स्वल्पविराम लागतो, मग मजकुरातून संख्या काढणारं स्ट्रटूडी फंक्शन '१.५' वाचताना टिंबापाशीच थांबतं आणि १ परत देतं, एरर वगैरे काही नाही! तुर्की लोकेलमध्ये छोट्या 'आय'चं कॅपिटल टिंबासकट होतं, म्हणून टोअपरकेस या फंक्शनने अक्षरं कॅपिटल करून ठरावीक शब्द जुळवणारा कोड तिथे फसतो, जावात यासाठी लोकेल रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल, स्पष्ट द्यायचं. जावाचं डिफॉल्ट एन्कोडिंगसुद्धा आधी मशीनवर अवलंबून असायचं, २०२२ मधल्या जावा १८ पासून ते सगळीकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारं युनिकोडचं एन्कोडिंग) झालं.

देवनागरीत टेस्ट केलं की लांबीचे घोळ पटकन बाहेर येतात. 'नमस्ते' मध्ये युनिकोडचे ६ कोड पॉइंट (अक्षर, मात्रा, हलन्त अशा प्रत्येक चिन्हाचा क्रमांक) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ असे १८ बाइट. हा शब्द स्ट्रएनकॉपी या सीमधल्या मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनने १० बाइटच्या बफरमध्ये टाकला तर न, म, स पूर्ण येतात, पुढे हलन्ताचा एकच तुटका बाइट येतो आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट लागतच नाही, म्हणून छापताना पुढच्या मेमरीतला कचराही सोबत येऊ शकतो. बफर आधी पूर्ण शून्य करून शेवटचा बाइट राखून ठेवला तर कचरा थांबतो, पण तुटकं अक्षर राहतंच, ते टाळायला कापायचं ते अक्षराच्या सीमेवरच.

भाषांतर हातात यायच्या आधी स्यूडो-लोकलायझेशन करतात, म्हणजे मूळ मजकुरातली अक्षरं चिन्हंवाली करून, लांबी वाढवून, दोन्ही टोकांना कंस लावायचे. कंस कापला गेला तर जागा कमी पडली, आणि साधं इंग्रजी दिसलं तर तो मजकूर भाषांतराच्या फाइलऐवजी कोडमध्येच लिहून ठेवलेला आहे. अँड्रॉइडमध्ये असे दोन लोकेल तयारच मिळतात, एक इंग्रजीसारखं आणि एक उजवीकडून डावीकडे जाणारं. अनेकवचनं वेगळी तपासावी लागतात, इंग्रजीत प्रकार २ पण अरबीत ६. व्हॅल्यू न दिलेली व्हेरिएबल शोधायला कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवतात आणि व्हॅलग्रिंड किंवा मेमरी सॅनिटायझर ही प्रोग्रॅम चालताना मेमरीतल्या चुका पकडणारी साधनं वापरतात, पण ही दोन्ही साधनं फक्त प्रत्यक्ष चाललेला कोड बघतात, त्यामुळे अरबी किंवा तुर्कीची वाट टेस्टमध्ये चाललीच नाही तर तिथलं काहीच सापडत नाही.