८५ व्या प्रश्नावर स्क्रीन बंद झाली म्हणजे पास?

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) म्हणून परवाना हवा तर एनक्लेक्स-आरएन ही कॉम्प्युटरवरची परीक्षा द्यावी लागते. तिच्याबद्दल वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: कमीत कमी प्रश्नांत स्क्रीन बंद झाली की पास, शेवटपर्यंत ताणलं की नापास. एप्रिल २०२३ पासून हा किमान आकडा ८५ आहे, कमाल १५०.

खरं असं की उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारण अवघड येतो, चुकलं की सोपा. तुमची पातळी पासच्या रेषेच्या वर की खाली, याची कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते. म्हणजे ८५ वर थांबली तर निकाल स्पष्ट आहे. कुठल्या बाजूनं, ते स्क्रीन सांगत नाही. १५० पर्यंत गेलेली मुलगी रेषेजवळ घुटमळतेय, इतकंच. शेवटी रेषेच्या वर असली तर तीही पासच.

सोपा प्रश्न आला म्हणून धसका घेऊ नका. पहिल्या ८५ मधले १५ गुणांत धरलेच जात नाहीत, ते नवे प्रश्न कसे आहेत हे नुसतं पारखायला घातलेले असतात. कोणते, ते ओळखता येत नाही. चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल असं विचारलंय, एकाला धाप लागलीय, आणि आपलं मन मोजतंय: ८३, ८४...