कार्यालयीन टेलिफोन व ईपीएबीएक्ससाठी टीईसी प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

टेबलावरचा टेलिफोन दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याला येणाऱ्या दोन तारांवर रिसीव्हर खाली ठेवलेला असतानाही साधारण 48 व्होल्टचा दाब असतो आणि घंटी वाजताना त्यावर सुमारे 75 व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब चढतो. वीज कडाडली की त्याच तारांतून क्षणिक उसळी आत शिरू शकते, आणि त्या क्षणी रिसीव्हर कोणाच्या तरी कानाला लावलेला असू शकतो. शिवाय सदोष संचाचा उलटा दाब लाइनवर गेला, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनलाही त्याचा धोका पोहोचतो. प्रमाणनाचा खटाटोप या माणसांसाठी आहे, हे लक्षात ठेवून पुढची माहिती वाचावी.

भारतीय तार नियमांत 2017 साली दुरुस्ती होऊन दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीची आणि प्रमाणनाची तरतूद करण्यात आली. हे काम दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील टेलिकॉम इंजिनीअरिंग सेंटर, म्हणजे टीईसी, पाहते. पहिल्या टप्प्याची अंमलबजावणी 1 ऑक्टोबर 2019 पासून सुरू झाली आणि दोन तारांचा साधा टेलिफोन, कॉर्डलेस टेलिफोन, फॅक्स, मोडेम, आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन लाइनची) उपकरणे आणि कार्यालयातील खासगी एक्स्चेंज, ज्याला आपण ईपीएबीएक्स म्हणतो, ही सर्व त्यात आली. सक्तीच्या यादीत आलेले उपकरण प्रमाणपत्राविना विकता, आयात करता किंवा वापरता येत नाही. यादी टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली असल्यामुळे आपले उपकरण कोणत्या वर्गात मोडते, हे अर्जापूर्वी टीईसीच्या एमटीसीटीई, म्हणजे सक्तीच्या चाचणी-प्रमाणनाच्या, पोर्टलवर पाहून घ्यावे.

अर्ज करण्याची जबाबदारी प्रामुख्याने उत्पादकाची आहे. उत्पादक परदेशी असेल, तर त्याने नेमलेल्या अधिकृत भारतीय प्रतिनिधीमार्फत अर्ज करावा लागतो. आपल्याच वापरासाठी बाजारातून संच विकत घेणाऱ्या कार्यालयाला अर्ज करावा लागत नाही. मात्र खरेदी अधिकाऱ्याने पुरवठादाराकडून प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील मॉडेल क्रमांक संचाच्या तळाशी असलेल्या लेबलाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे स्वतः पाहावे. बिलावर तेवढे छापलेले आहे म्हणून समाधान मानू नये.

पोर्टलवर नोंदणी करताना कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी आणि अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या नेमणुकीचे पत्र लागते. प्रतिनिधीमार्फत अर्ज असल्यास मूळ उत्पादक आणि प्रतिनिधी यांच्यातील करारपत्र आणि अधिकारपत्रही जोडावे लागते, आणि त्यात प्रतिनिधीवर येणारी जबाबदारी स्पष्ट लिहिलेली असावी. उपकरणाच्या बाजूने तांत्रिक माहितीपत्रक, छायाचित्रे, चाचणी अहवाल आणि सुट्या भागांची यादी, म्हणजे बिल ऑफ मटेरियल, ही मुख्य कागदपत्रे होत.

यांपैकी सुट्या भागांच्या यादीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे. एका अर्जाच्या तयारीत मी संच उलटा करून पाहिला, तेव्हा तळाच्या लेबलावर 9 व्होल्ट छापलेले होते, सोबतच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट होते आणि यादीत तिसऱ्याच अडॅप्टरचा क्रमांक होता. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पुरवठा खंडित झाला म्हणून मधल्या काळात अडॅप्टर बदलला गेला आणि कागद मागे राहिले. पण सुरक्षिततेची चाचणी ज्या अडॅप्टरवर होते, तोच खोक्यात नसेल, तर तो अहवाल ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नमुना पाठवण्यापूर्वी नमुना, यादी आणि लेबल शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावे. या कामाला फार तर एक तास लागतो.

चाचणी टीईसीने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. प्रत्येक उपकरणासाठी टीईसीने अत्यावश्यक निकष ठरवलेले आहेत आणि चाचण्या त्यांनुसार होतात. सुरक्षिततेच्या चाचणीत विद्युतरोधन, तापमान आणि बिघाडाच्या स्थितीतील वर्तन तपासतात. विद्युतचुंबकीय चाचणीत संचाचा इतर उपकरणांना उपद्रव होतो का आणि इतरांचा उपद्रव तो सोसतो का, हे दोन्ही पाहतात. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत येऊन संचाला हात लावल्यावर बसणारा चटका हेसुद्धा त्यातलेच एक प्रकरण आहे. तांत्रिक निकषांत लाइनशी होणारी जोडणी, डायलिंगचे संकेत आणि तत्सम बाबी येतात.

प्रमाणनाच्या सर्वसाधारण आणि सुलभ अशा दोन योजना आहेत आणि कोणते उपकरण कोणत्या योजनेत येते, हे टीईसीने ठरवून दिलेले आहे. सर्वसाधारण योजनेत अहवालांची सविस्तर छाननी होते आणि तिचे मूल्यमापन शुल्क वेगळे भरावे लागते. सुलभ योजनेत प्रक्रिया आटोपशीर असली, तरी चाचणीतून सूट मिळते असा तिचा अर्थ नाही. एकाच रचनेवर आधारलेली, किरकोळ फरकाची मॉडेले मुख्य मॉडेलसोबत संलग्न मॉडेले म्हणून एकाच अर्जात दाखवता येतात. छाननीत शंका निघाल्यास त्या पोर्टलवरच कळवल्या जातात. उत्तर देताना बदललेला कागद पूर्ण जोडावा, नुसते स्पष्टीकरण लिहून थांबू नये.

टीईसीचे प्रमाणपत्र हातात आले तरी इतर परवानग्या संपत नाहीत. माहिती तंत्रज्ञान उपकरणांच्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, आणि 2012 च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशाच्या मूळ यादीत टेलिफोन आन्सरिंग मशीन होते. कॉर्डलेस संच रेडिओ लहरी वापरत असल्यामुळे त्याला दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेची उपकरण-प्रकार मंजुरी लागते. अडॅप्टरची नोंदणी शक्यतो आधी उरकावी, म्हणजे तोच अडॅप्टर टीईसीच्या चाचणीला आणि पुढे विक्रीच्या खोक्यात जाईल.