चोक खाली, दिवा वर: वेगळ्या जोडणीची पार्श्वभूमी

सोडियमच्या दिव्याचा चोक, म्हणजे दिव्यातला प्रवाह आवरणारी तारेची गुंडाळी, खांबावरून उतरवून खालच्या पेटीत बसवायची इच्छा कुठल्याही वायरमनला होते. चोक जड असतो, तापतो, आणि जळला की शिडी लावावी लागते. पण तो किती लांब नेता येईल, हे दिवा पेटतो कसा यावर ठरत आले आहे.

वायूतून वीज वाहू लागली की रोध घटत जातो. प्रवाहाला आवर घातला नाही, तर दिवा जळून जातो. म्हणून पीटर कूपर ह्युइट यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या पाऱ्याच्या दिव्यालाही चोकची सोबत लागलीच. पुढे उच्च दाबाचे पाऱ्याचे दिवे रस्त्यांवर आले. त्यांच्या नळीत दिवा पेटवायला मदत करणारे एक सहायक इलेक्ट्रोड (विजेचे टोक) असे, त्यामुळे दिवा साध्या २३० व्होल्टवर पेटे. चोक लांब ठेवला तरी फक्त तारेतली व्होल्टेजची घट सांभाळली की झाले.

अडचण आली १९६० च्या दशकात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी घडवलेल्या अर्धपारदर्शक सिरॅमिक अ‍ॅल्युमिनामुळे उच्च दाबाचा सोडियम दिवा शक्य झाला. मात्र त्याच्या अरुंद नळीत सहायक इलेक्ट्रोडला जागा नव्हती. मग काही हजार व्होल्टचा झटका देणारा इग्नायटर आला, आणि लांब तार हीच अडचण ठरली. दोन तारा शेजारी धावल्या की त्या कपॅसिटरसारख्या (वीज साठवणाऱ्या भागासारख्या) वागतात आणि तो क्षणिक झटका वाटेतच गिळतात. चोक ठीक, दिवा नवा, तरी उजेड नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यावर उत्तर निघाले ते चोक आणि इग्नायटर यांची ताटातूट करण्याचे. स्वतःचा झटका स्वतः तयार करणारा, दिव्याशी एकसर (सिरीजमध्ये) जोडलेला इग्नायटर दिव्याजवळ राहतो. चोक आणि पॉवर फॅक्टर (विजेच्या वापराची कार्यक्षमता) सुधारणारा कपॅसिटर खाली जातात. ऑसरामने टीव्ही चित्रीकरणासाठी काढलेल्या एचएमआय दिव्यांतही हीच मांडणी दिसते: इग्नायटर दिव्याच्या हेडमध्ये, बॅलास्ट (चोकचे काम करणारी पेटी) जमिनीवर, मध्ये जाड केबल. चोकच्याच गुंडाळीतून झटका घेणारा इग्नायटर मात्र चोकपासून तोडता येत नाही. तिथे उत्पादकाने दिलेली केबलची कमाल लांबी पाळावीच लागते, आणि दिव्यापर्यंतच्या तारेचे इन्सुलेशन त्या झटक्याला पुरेल असे निवडावे लागते. २३० व्होल्टची साधी वायर तिथे वापरणे धोक्याचे आहे.