पीएच.डी.चा अर्ज नेमका कुठे अडतो? शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्यांसाठी

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात आली की कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यातून अर्जांची लगबग सुरू होते. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, संगणकशास्त्र किंवा या तिन्हींच्या सीमेवरचा विषय घेऊन येणाऱ्यांत झेडपीचे शिक्षक असतात, तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक असतात, नुकतेच एम.ए. किंवा एम.एड. झालेली मुलेमुलीही असतात. यांतले कितीतरी अर्ज विषय कुणी वाचण्याआधीच बाद होतात, तेही एखाद्या कागदापायी. चांगल्या विषयाची अशी माती झालेली पाहवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पात्रता थोडक्यात. सध्या यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएच.डी.साठीची २०२२ ची नियमावली लागू आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ५४.९ म्हणजे ५५ असे समजून फॉर्म भरू नका. गुणपत्रकावर फक्त ग्रेड असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र आपल्या विद्यापीठाकडून आधीच घ्या.

नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, बाबतीत मात्र मोठा गोंधळ आहे. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिला गट जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) सहायक प्राध्यापक पदासाठी, दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेशासाठी, तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांच्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. इथेच घोडे पेंड खाते. सहायक प्राध्यापक पदाची पात्रता आयुष्यभराची असते, म्हणून नेटचे सगळेच आयुष्यभराचे असे लोक धरून चालतात आणि दीड वर्षापूर्वीचा निकाल जोडून निर्धास्त बसतात. तुमचा गट कोणता आणि निकालाची तारीख कोणती, हे आजच काढून पाहा. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली तर तिच्या अभ्यासक्रमात निम्मा भाग संशोधन पद्धतीचा असतो. केवळ विषयाच्या तयारीवर विसंबून राहू नका.

आता तो कागद, जो जवळजवळ कुणाकडेच धड नसतो. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करायची तर नोकरीच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बहुतेकजण एका ओळीचे पत्र आणतात : 'श्री. अमुक यांनी पीएच.डी. करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. दिसायला अगदी चोख, पण नियमाच्या दृष्टीने अपुरे. नियमावलीत या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहायला सांगितल्या आहेत. कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देणे शक्य आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा नेमून दिलेला अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल. यातले तिसरे वाक्य लिहायला कोणताही साहेब सहजी तयार होत नाही. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेतला माणूस सोडायचा तर वर्ग कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्नही खरा आहे. पण उत्तर देण्याऐवजी फाईल टेबलावर पडून राहते. मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, तिथून गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, आणि दर टप्प्यावर 'साहेब दौऱ्यावर आहेत'. नियम २०२२ चा आहे. या तीन वाक्यांचा छापील नमुना प्रत्येक शाळेत पोचवणे खरेच एवढे अवघड आहे का? शिक्षकाने संशोधन करावे असे भाषणात सगळेच म्हणतात आणि त्याच शिक्षकाला एका पत्रासाठी खेटे घालायला लावतात, याचा राग येतो.

तोवर तुम्ही एवढे करा. मजकूर स्वतः टाईप करून न्या, तिन्ही वाक्ये जशीच्या तशी ठेवा, नियमावलीचे ते पान सोबत जोडा आणि जाहिरातीची वाट न पाहता अर्ज टाका. आवक शिक्क्याची पोच मात्र न विसरता घ्या. सही मुख्याध्यापकांची चालते की वरच्या अधिकाऱ्याची लागते, हे तुमचा नियुक्ती आदेश कुणाच्या सहीचा आहे त्यावरून ठरवा. खासगी अनुदानित शाळा असेल तर संस्थेच्या सचिवांना आधी भेटा.

अर्धवेळ नोंदणी करून बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीकडे डोळे लावून बसू नका. ती पूर्णवेळ संशोधकांसाठी असते. नोकरी लपवून पूर्णवेळ नोंदणी करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या नादी लागू नका. पुढे वसुली निघते तेव्हा सल्ला देणारा सोबत नसतो.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. जाहिरात त्यानंतर आली की जुने प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते आणि ऐन वेळी सेतू केंद्रात रांग लागते. तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले आणि प्रांताधिकाऱ्यांची सही यांत दिवस जातात. म्हणून एप्रिल लागताच नवे प्रमाणपत्र काढायला घ्या. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही एका आर्थिक वर्षापुरताच असतो. 'अर्ज केला आहे, पोच जोडली आहे' यावर विसंबू नका. प्रमाणपत्रावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीची हवी.

लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींना वेगळे सांगतो. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे, आणि बँकेत तिसरेच काही, हे फार दिसते. अर्जात पदवीवरचेच नाव घाला. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात छापून आलेला नावबदल जोडा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त नको.

विषयाकडे येऊ. 'ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणात मोबाईलचा वापर' असा विषय घेतला, तर तो शिक्षणशास्त्राचा, समाजशास्त्राचा की तंत्रज्ञानाचा? विषय तिन्हींचा असला तरी अर्ज एकाच विद्याविषयात करावा लागतो, आणि तिथे तुमची पदव्युत्तर पदवी बघितली जाते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत, त्यात आंतरविद्याशाखीय अभ्यास ही एक. एम.एस्सी. संगणकशास्त्र झालेल्याने हा विषय थेट समाजशास्त्राकडे नेला तर छाननीतच परत येईल. दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेण्याची सोय नियमात आहे, ती वापरा.

मार्गदर्शकाचे 'हो' मिळाले म्हणजे जागा मिळाली असे नाही. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे दोन्ही प्रश्न सरांना किंवा मॅडमना विचारताना संकोच वाटतो, तरीही विचारा.

मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषय मंजूर झाल्यापासून नव्हे. किमान तीन, कमाल सहा वर्षे, आणि कोर्सवर्क त्यातच धरलेले. मुदतवाढ दोन वर्षांपर्यंत मिळते, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. शिवाय महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती हक्काची आहे, मागायला लाजू नका.

संशोधनाच्या आराखड्यातले वेळापत्रकही याच हिशेबाने लिहा. वरचाच ऊसतोड मजुरांचा विषय घ्या. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चच्या सुमारास संपतो, मग मजुरांच्या टोळ्या बीडकडे परततात. शाळांत जाण्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते. परवानगीचा अर्ज डिसेंबरात टाकला आणि पत्र एप्रिलमध्ये आले, तर फडात तुम्हाला भेटायला कुणीच नसेल. हा अर्ज जून-जुलैमध्येच टाका, आणि आराखड्यात तसा महिना लिहा. मुलाखतीत याबद्दल विचारले जाण्याची तयारी ठेवा.