हार्वर्डचे सामान्य शिक्षण

विद्यार्थी भौतिकशास्त्राचा असो की इतिहासाचा, आपल्या विषयाबाहेरचे काय त्याला शिकावेच लागेल, हे ठरवणाऱ्या अभ्यासक्रमाला अमेरिकेत जनरल एज्युकेशन, म्हणजे सामान्य शिक्षण, म्हणतात. यातल्या ‘सामान्य’चा अर्थ सोपे किंवा हलके असा नाही, सर्वांना समान असा आहे. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील हार्वर्ड विद्यापीठाने (स्थापना १६३६) हा अभ्यासक्रम गेल्या दीडशे वर्षांत किमान सहा वेळा मोडून पुन्हा मांडला. दर वेळी कारण तात्त्विक सांगितले गेले. पण मंजुरी मिळते ती प्राध्यापकसभेत, आणि तिथे मत देणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या विभागाचा असतो. या इतिहासातल्या बऱ्याच वळणांचा उलगडा एवढ्यावरून होतो.

रसायनशास्त्राचे अध्यापक चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हा सगळ्यांनी ग्रीक, लॅटिन, गणित घोकायचे अशी रीत होती. एलियट यांनी चाळीस वर्षांत ती पार उलटवली. एकोणिसावे शतक संपता संपता पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळपास काहीच सक्तीचे उरले नव्हते. मग व्हायचे तेच झाले. प्राथमिक पातळीचे सोपे विषय गोळा करून पदवी काढण्याची कला पोरांनी आत्मसात केली. १९०९ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी मधला मार्ग काढला : एका विषयात खोल जा आणि बाकी ज्ञानशाखांतले थोडे थोडे घ्या. अमेरिकी पदवीचा सांगाडा आजही बहुतेक ठिकाणी हाच आहे.

पण ‘थोडे थोडे’ घेऊन सर्वांना समान असे काय हाती लागते? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९१९ पासून याचे सरळ उत्तर दिले : सगळ्यांनी एकच अभ्यासक्रम घ्यायचा, तेच ग्रंथ वाचायचे. हार्वर्डला ते कधीच जमले नाही. अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी ऐन महायुद्धात, १९४३ मध्ये, इतिहासकार पॉल बक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४५ मध्ये निघालेला तिचा अहवाल मुखपृष्ठाच्या रंगामुळे ‘रेडबुक’ म्हणून ओळखला जातो. लोकशाहीतल्या नागरिकांना सामायिक वारसा हवा, त्यासाठी सर्वांना समान असे काही अभ्यासक्रम हवेत, असे समितीचे म्हणणे होते. अहवालाचे देशभर कौतुक झाले. खुद्द हार्वर्डच्या प्राध्यापकांनी मात्र समान अभ्यासक्रमाची कल्पना बाजूला ठेवली आणि मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, निसर्गविज्ञान अशा तीन गटांतून निवड करण्याची मुभा दिली.

या काळातला एक धागा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. विज्ञान न शिकणाऱ्यांना विज्ञान कसे शिकवावे, हा कोनंट यांचा ध्यास होता. सूत्रांऐवजी ऐतिहासिक प्रकरणे घेऊन शिकवावे, असे त्यांचे मत. या अध्यापनात मदतीसाठी त्यांनी भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या टॉमस कून यांना बोलावले. १९४७ च्या उन्हाळ्यात यांत्रिकीच्या इतिहासावर व्याख्यान तयार करताना कून यांच्यापुढे ॲरिस्टॉटल उघडा होता, हातात चार रंगांची पेन्सिल होती. एवढा बुद्धिमान माणूस गतीबद्दल इतके चुकीचे कसे लिहितो, हे त्यांना उमगत नव्हते. खिडकीबाहेर बघत असताना लख्ख झाले की ते चूक नव्हते. ‘गती’ या शब्दाचा त्याचा अर्थच वेगळा होता. वैज्ञानिक क्रांतीविषयीचे त्यांचे १९६२ चे गाजलेले पुस्तक या वाटेने निघाले. बिगरविज्ञानाच्या मुलांसाठीच्या तासाने विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाची दिशा बदलावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र सामान्य शिक्षणाला क्वचितच मिळाले असेल.

पुढे विभागांचे नेहमीचे अभ्यासक्रमही या गटांत मोजले जाऊ लागले आणि रेडबुकची चौकट सैल पडली. अधिष्ठाता हेन्री रोसोव्स्की यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ‘कोअर करिक्युलम’, म्हणजे गाभ्याचा अभ्यासक्रम, मंजूर झाला. ‘काय माहीत असावे’ हा भांडणाचा प्रश्न टाळून कोअरने ‘विचार कसा करावा’ हा प्रश्न धरला. इतिहासकार, शास्त्रज्ञ, नीतिचिंतक कसा विचार करतात ते शिका, मग माहिती कुठलीही चालेल. ही चतुर पळवाट होती, पण तिने एक अस्सल गोष्ट दिली. ‘नैतिक विचार’ गटात तत्त्वज्ञ मायकेल सँडल यांनी न्यायावरचा अभ्यासक्रम सुरू केला. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली पाच कामगारांवर चाललीय, बाजूच्या रुळावर एकच आहे, तर वळवाल का? हार्वर्डच्या सँडर्स थिएटरात बसलेली शेकडो मुले हात वर करत, मग आपल्याच उत्तराच्या समर्थनात अडखळत. कोअर गेला, पण हा अभ्यासक्रम टिकला.

पुढच्या फेरीत, २००६ मध्ये, ‘बुद्धी आणि श्रद्धा’ असा सक्तीचा गट मसुद्यात आला. श्रद्धेला बुद्धीच्या पंगतीला बसवणे म्हणजे खगोलशास्त्राशेजारी फलज्योतिष ठेवण्यासारखे, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी घेतला आणि काही आठवड्यांतच तो गट मागे घेतला गेला. (फलज्योतिषाच्या अभ्यासक्रमांवरून २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाविरुद्ध (यूजीसी) उठलेला गदारोळ आठवणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.) २००७ मध्ये मंजूर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात आठ गट होते. त्या गटांत मोजल्या जाणाऱ्या विषयांची यादी इतकी फुगली की आपला विषय सामान्य शिक्षणात का आहे, हे शिकवणाऱ्यालाही सांगता येईना. अंतर्गत आढाव्याने हा अभ्यासक्रम फसल्याची स्पष्ट कबुली दिली. २०१९ पासूनच्या रचनेत चारच गट आहेत : सौंदर्यदृष्टी व संस्कृती; नीती व नागरिकत्व; इतिहास, समाज व व्यक्ती; विज्ञान-तंत्रज्ञान व समाज. प्रत्येकी एक विषय घ्यायचा. सोबत तीन ज्ञानशाखांतले एकेक आणि संख्यात्मक विचाराचा एक, म्हणजे लॉवेल यांचे ‘थोडे थोडे’ परत आले.

भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) पदवीच्या पातळीवर सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ आयोगाचे सदस्य होते. महाराष्ट्रात ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत. संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून लागू झालेल्या आराखड्यात ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणजे खुला ऐच्छिक विषय आहे, मुलांच्या भाषेत ‘ओई’. तो स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कागदावर कला शाखेची मुलगी रसायनशास्त्र निवडू शकते. प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर किती विषय लागतील हे वर्गखोल्या, वेळापत्रक आणि कोणाचा कार्यभार कमी पडतोय यावर ठरते. छोट्या गावातल्या एकाच शाखेच्या महाविद्यालयात तर ‘शाखेबाहेरचे’ शिकवायला मुळात माणूसच नसतो. तिथे तो विषय तासिका तत्त्वावर आलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या वाट्याला जातो.